‘हात काढा’ म्हणण्याचे शिक्षण

(एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष वाणिज्य)

माझ्या कपाटात एक काळा पट्टा घडी घालून ठेवलेला आहे. तो मिळवायला मला नऊ वर्षे लागली. गोव्याच्या डिचोली तालुक्यातले सर्वण हे माझे गाव. पाचवीत असताना बाबांनी मला डिचोलीच्या एका कराटे वर्गात घातले आणि तेव्हापासून आठवड्यातून तीन संध्याकाळी मी त्या हॉलच्या फरशीवर घाम गाळला. परीक्षांची फी, गणवेश, स्पर्धांचा प्रवास असा सगळा हिशेब वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी या नात्याने मी एकदा मांडून पाहिला. रक्कम येथे देत नाही, कारण हा अंक बाबाही वाचतील. पण हा खर्च भांडवली म्हणावा की महसुली, हा प्रश्न मला गेल्या जूनपासून पडला आहे.

जूनमध्ये सुट्टी संपवून मी चोर्ला घाटाने बेळगावला येत होते. साखळीला एक गृहस्थ चढले आणि माझ्या शेजारी बसले. वय पन्नाशीचे, कपाळाला गंध, हातात कापडी पिशवी. थोडा वेळ निरखून पाहून त्यांनी कोकणीत विचारले, "तूं सर्वणची न्हय गो? तुज्या बापायक हांव बरो वळखतां." मी हसून मान हलवली. घरच्यांची चौकशी झाली, माझ्या शिक्षणाची झाली. केरी मागे पडली, घाट सुरू झाला आणि वळणावळणाला त्यांचा हात माझ्या मांडीवर येऊ लागला. प्रथम वाटले, वळणामुळे येत असेल. मग रस्ता सरळ झाला तरी हात तेथेच राहिला.

आता वाचकांना वाटेल की पुढे मी त्यांचे मनगट पिरगळले. तसे काही झाले नाही. मी खिडकीकडे सरकले, दप्तर मध्ये ठेवले आणि बाहेर पाहत बसले. हात दप्तरावरून आला. त्या वेळी माझ्या मनात काय चालले होते ते प्रामाणिकपणे सांगते. यांना ‘अहो’ म्हणावे की ‘काका’ म्हणावे, याचा मी विचार करीत होते. बाबांना ओळखणाऱ्या माणसाशी उद्धटपणे बोलले तर घरी काय कळेल, याचा विचार करीत होते. नऊ वर्षांत शिकलेल्या ठोशांपैकी एकही त्या अर्ध्या तासात मला आठवला नाही.

कणकुंबीला बाजाराला निघालेली एक बाई टोपली घेऊन चढली. तिने उभ्या उभ्या एकदाच पाहिले आणि साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ओ मामा, हात घ्या की ओ तुमचा! आन् पोरी, ऊठ तू, हिकडं बस." पंधरा-वीस तोंडे एकदम वळली. ते गृहस्थ जांबोटीला खाली उतरले. त्या बाईने कराटेचे नावसुद्धा कधी ऐकले नसेल.

कराटेत एक आरोळी असते, तिला कियाय म्हणतात. प्रहाराच्या क्षणी पोटातून आवाज काढायचा. मला आठवते, वर्गात पहिल्या दिवशी सर्वांत अवघड मला हीच गोष्ट वाटली होती, कारण मुलीने मोठ्याने ओरडायचे नाही हे शिक्षण तोवर दहा वर्षे झालेले होते. आमच्याकडे शिगम्याला रोमटात ‘ओस्सय, ओस्सय’ असा जयघोष होतो, ढोलताशांनी गाव हादरते. मी तो नेहमी कडेला उभी राहून ऐकला. (कराटेतही एकमेकांना वंदन करताना ‘ओस’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला शिगमाच आठवला होता.) पुढे माझा कियाय वर्गात सर्वांत खणखणीत म्हणून नावाजला गेला, त्यासाठी स्पर्धेत पंचांनी कौतुकही केले. पण तो हॉलमधलाच राहिला. हॉलमध्ये ओरडण्याची परवानगी होती. बसमध्ये ती आपली आपणच घ्यावी लागते.

मित्रहो, मी कराटेची निंदा करायला बसलेली नाही. माझी तक्रार आपण त्याचे काय करून ठेवले याबद्दल आहे. कराटे आपण जपानी समजतो, पण ते मूळचे ओकिनावा बेटाचे. तेथील आंको इतोसू यांनी १९०१ च्या सुमारास ते शाळांमध्ये आणले आणि मुलांच्या कवायतीला जमेल असे सोपे केले. याच इतोसूंनी १९०८ साली लिहिलेल्या पत्रात या विद्येचा हेतू सांगितला आहे. त्याचा आशय असा की, एकट्या प्रतिस्पर्ध्याशी सामना खेळण्यासाठी ही विद्या नाही. एखाद्या गुंडाशी गाठ पडलीच तर हातापायांच्या साह्याने इजा टाळण्यासाठी ती आहे. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी पेशाने शाळामास्तर होते. त्यांनी १९२२ साली तोक्योला जाऊन प्रात्यक्षिक दाखवले आणि पुढे ही विद्या विद्यापीठांतून पसरली. पहिला वार आपण करायचा नाही, ही शिकवणही त्यांचीच.

आज मात्र बहुतेक वर्गांत तयारी चालते ती सामन्याची. आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या नियमांत ठोशाला १ गुण, पोटाच्या उंचीवरच्या लाथेला २ आणि डोक्यावरच्या लाथेला ३ गुण मिळतात. साहजिकच आम्ही वर्षानुवर्षे डोक्यापर्यंत पाय नेण्याचा सराव केला. आता बसच्या दोन आसनांमधल्या जागेत पाय डोक्यापर्यंत न्यायचा कसा, हे मला कोणी सांगावे! सामन्यात प्रतिस्पर्धी दोन पावलांवर असतो, समोर असतो, आपल्याच वजनाचा असतो, आणि पंचाने ‘हाजिमे’ म्हटल्याशिवाय सुरुवात करीत नाही. खेळ म्हणून हे उत्तमच आहे. तोक्योच्या ऑलिंपिकमध्ये २०२१ साली कराटे होते, पॅरिसला २०२४ साली ते वगळले गेले तेव्हा मलाही हळहळ वाटली. पण खेळाचे प्रमाणपत्र हातात देऊन ‘आता तुमची मुलगी सुरक्षित’ असे पालकांना सांगणे, याला आमच्या शाखेत खोटा ताळेबंद म्हणतात.

गंमत अशी की, उपयोगाचे जे आहे ते जुन्या कातांमध्ये पडून आहे. आमच्या शोतोकान पद्धतीत सुरुवातीलाच शिकवतात ती काता म्हणजे हेआन शोदान. तिच्यात उजवीकडे वळून खालचा वार अडवल्यानंतर तोच हात झटकन् मागे खेचून, वर्तुळात फिरवून, मुठीच्या करंगळीकडच्या बाजूने खाली हाणायचा असतो. ही हालचाल मी हवेत हजारो वेळा केली. वसतिगृहात एका संध्याकाळी माझ्या खोलीतल्या मुलीने चेष्टेने माझे मनगट घट्ट धरले आणि मी सहज तोच हात तसाच खेचला, तर तिची पकड सुटली! पकड नेहमी अंगठ्याच्या बाजूला कच्ची असते आणि त्या हालचालीत हात नेमका तेथून निसटतो. तसेच ठोसा मारताना दुसरा हात कमरेशी ओढून घ्यायचा, हे आम्हाला ऐटीसाठी आहे असे वाटे. त्या हातात समोरच्याची बाही किंवा मनगट धरलेले आहे अशी कल्पना करा, म्हणजे तो का ओढायचा ते कळेल. नऊ वर्षांत माझे मनगट वर्गात कोणी धरले नव्हते. मुलामुलींनी एकमेकांना धरायचे नाही, असा तेथे शिष्टाचार होता.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. वर्गात ‘हल्लेखोर’ म्हणून ज्याचे चित्र रंगवतात तो अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी माणूस असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल काढून पाहा. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक ठिकाणी आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो: नातलग, शेजारी, मित्र, कामावरचा माणूस. म्हणजे ज्याला आपण ‘काका’ म्हणतो त्याच्यासमोर तोंड उघडण्याचा सराव हवा, आणि नेमका तोच कोठे होत नाही. कॅनडात शार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तीन विद्यापीठांतल्या ८९३ विद्यार्थिनींपैकी काहींना केवळ माहितीपत्रके दिली आणि काहींना एकूण बारा तासांचे शिक्षण दिले. त्यात धोका ओळखणे, ओळखीच्या माणसाबाबतचा आपल्याच मनातला संकोच बाजूला सारणे, ठाम बोलणे आणि हातापायांची स्वसंरक्षणाची तंत्रे यांचा समावेश होता. वर्षभरात पहिल्या गटात बलात्काराचे प्रमाण ९.८ टक्के आढळले आणि दुसऱ्यात ५.२ टक्के. केवळ बारा तास! माझी नऊ वर्षे कोणत्या खात्यात टाकावीत?

आमच्या सरांना मी हे सारे सांगितले. सर सज्जन आहेत, त्यांचे माझ्यावर उपकारही आहेत. ते म्हणाले, "असले प्रसंग वर्गात शिकवायचे म्हटले तर पालक काय म्हणतील?" मला वाटते, पालकांना एकदा विचारून तरी पाहावे.

म्हणून जुलैपासून वसतिगृहाच्या गच्चीवर आम्ही आठ जणी जमू लागलो. पहिला आठवडा एकही ठोसा शिकवला नाही. फक्त उभे राहणे, हाताच्या अंतराहून कोणाला जवळ येऊ न देणे, दोन्ही तळवे छातीसमोर उघडे धरणे, आणि बोलणे. या बोलण्यानेच आमचा घाम काढला. दोघींना तीन संध्याकाळी हसूच आवरेना; एकीच्या डोळ्यांत पाणी आले, का ते तिने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

मग शब्द कोणता, यावर वाद झाला. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले, पण आई बैलहोंगलची असल्यामुळे कन्नड मला आजोळचे आहे आणि या अंकाचे दोन्ही विभाग मी वाचते. अडचण दोन्ही भाषांत सारखीच निघाली. मराठीत ‘काढ’ म्हणावे की ‘काढा’? कन्नडात ‘कै तेगी’ की ‘कै तेगीरी’? गोकाकची मैत्रीण म्हणाली, "वडीलधाऱ्यापुढे ‘री’ लावल्याशिवाय माझ्या तोंडातून शब्दच फुटत नाही." काहींच्या मते ‘अरे’ने जरब बसते. पुष्कळ खल केल्यावर आम्ही आदरार्थी रूपच ठेवले. एक तर ते तोंडात बसलेले आहे, त्यामुळे घाबरलेल्या क्षणीही बाहेर पडेल. दुसरे, ‘हात काढा’ असे मोठ्याने ऐकले की आजूबाजूच्यांना लगेच कळते की हा माणूस हिच्या घरचा नाही. ‘काढ रे’ म्हटले तर बहीणभावाचे भांडण समजून लोक पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागतील. आदर राखूनही आवाज चढवता येतो. कणकुंबीच्या त्या बाईने ‘ओ मामा’ म्हणूनच सुरुवात केली होती.

हातापायांचे म्हणाल तर चारच गोष्टी घेतल्या: मनगट सोडवणे, तळहाताच्या टाचेने नाकाहनुवटीवर प्रहार, कोपर, गुडघा. मूठ वळून तोंडावर मारले तर आपल्याच करंगळीमागचे हाड मोडण्याचा संभव अधिक, म्हणून मूठ नाही. आणि प्रत्येक प्रकाराचा शेवट पळण्यात. गच्चीच्या या टोकापासून जिन्यापर्यंत खरोखर धावायचे, हे आमच्याकडे सक्तीचे आहे. काळा पट्टा असलेल्या मुलीने पळणे शिकवावे याची काहींना मौज वाटते.

आमच्या वर्गातल्या मुलांसाठीही दोन शब्द. तुमच्यावर येणारा प्रसंग बहुधा वेगळा असतो: क्रिकेटच्या मैदानावर बाचाबाची, कॉलर धरणे, ‘काय करशील?’ तेथे कराटे येत असेल तर ते दाखवण्याची खुमखुमी येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये खाजगी संरक्षणाचा हक्क दिला आहे, आणि कलम ३७ मध्ये त्याची मर्यादाही. बचावाला आवश्यक त्याहून जास्त इजा करण्याचा हक्क कोणालाच नाही. समोरचा खाली पडल्यावर मारलेली लाथ ही बचाव राहत नाही. कॉलर सोडवून निघून जाणे तुम्हाला भ्याडपणाचे वाटते, हे मला ठाऊक आहे. पण पोलीस ठाण्यातला जबाब त्याहून कंटाळवाणा असावा.

एका प्राध्यापकांनी मला आक्षेप घेतला की, मुलींना शिकवण्याऐवजी पुरुषांना शिकवले पाहिजे. नाही तर चूक हात टाकणाऱ्याची आणि गृहपाठ मुलीला, असे होते. आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. किंबहुना त्या दिवशी मी गप्प राहिले म्हणून दोष माझा, असे मी अजिबात मानत नाही, आणि आमच्याकडे येणाऱ्या मुलींना हे पहिल्याच दिवशी सांगते. पण पुरुषांचे शिक्षण पुरे होईपर्यंत चोर्ल्याची बस रोज सुटणारच आहे.

माझे म्हणणे महाविद्यालयाकडे एवढेच आहे. स्नेहसंमेलनात दर वर्षी कौले फोडण्याचे प्रात्यक्षिक होते आणि टाळ्या पडतात. गेल्या वर्षी सात मंगलोरी कौले मीच फोडली. दोन कौलांमध्ये फट ठेवली की ती भराभर फुटतात, यात फारशी विद्या नाही. शिवाय कौल आपल्या बाबांची चौकशी करीत नाही. त्याऐवजी प्रथम वर्षाच्या विद्यार्थिनींना बारा तास द्यावेत. सरकारी शाळांत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने तीन महिन्यांची स्वसंरक्षणाची योजना आहे. महाविद्यालयात आल्यावर हे शिक्षण संपले असे मानण्याचे कारण नाही. शिकवणारी बाई असावी, ठोशांच्या आधी तोंड उघडायला शिकवावे, आणि दोन्ही भाषांत शिकवावे.

पहिल्या आठवड्यात आमचा आरडाओरडा ऐकून रखवालदार धापा टाकीत वर आले होते. "एनातरी?" त्यांनी विचारले. गोकाकच्या मैत्रिणीने "एन इल्लरी, क्लास नडदैती" असे सांगितल्यावर ते थोडा वेळ उभे राहून पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी ते आपल्या आठवीतल्या मुलीला घेऊन आले. ती आता आमच्यात नववी आहे, आणि आवाज तिचाच सर्वांत मोठा आहे. परीक्षा जवळ आल्याने गोंगाट नको म्हणून गच्चीला सध्या कुलूप लागले आहे. तळमजल्यावरची रिकामी खोली मिळावी असा अर्ज आम्ही दिला आहे, उत्तर अद्याप यायचे आहे. तोवर आम्ही संध्याकाळी साडेसहाला मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीजवळ असतो.