झो क्वे झो

परवा चळवळीतलाच एक दोस्त चहा पिता पिता म्हणाला, "आफ्रिकेला कसला आलाय इतिहास? गोरा आला, गुलाम केलं, मग सोडून गेला. संपलं." माझं डोकंच फिरलं. १९७२ साली आपण पॅंथर हे नाव काळ्यांच्या लढ्यावरून घेतलं. नाव घेतलं, पण आफ्रिका वाचली नाही. "तुम्हांला कसला इतिहास?" हे आपल्याला कोणी ऐकवलं, विसरलास लेका? आता तेच तू दुसऱ्याला ऐकवतोस?

मग ऐक. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक. बुआर गावाच्या आसपास माणसांनी उभे केलेले प्रचंड दगड आहेत. गबाया लोक त्यांना ताझुनू म्हणतात. दोन हजार वर्षांहून जुने. दक्षिणेच्या जंगलात शिकार करून, मध काढून जगणारे अका लोक तर त्याहून आधीचे. तेव्हा फ्रान्स नावाचा देशही नव्हता.

आता कडू भाग. तो टाळणारा इतिहास मला नको. १९व्या शतकात या मुलखातल्या माणसांची शिकार व्हायची, ती आफ्रिकेतलेच सुलतान करायचे. अल-सनुसी हा त्यातला एक. न्देले ही त्याची राजधानी. गावंच्या गावं जाळून माणसं उत्तरेकडे विकायची, हा धंदा. गुलामगिरी मोडायला आलो म्हणणाऱ्या फ्रेंचांनी १८९७ मध्ये याच माणसाशी करार केला. १९११ पर्यंत त्याला सांभाळला, आणि काम भागल्यावर मारला.

१८८९ मध्ये बांगी हे ठाणं बसलं. १८९९ मध्ये फ्रान्सनं काँगोचा बहुतेक मुलूख सुमारे ४० कंपन्यांना ३० वर्षांच्या करारानं वाटून टाकला. जमीन कंपनीची, रबर कंपनीचं, हस्तिदंत कंपनीचं. माणसाच्या वाट्याला फक्त ओझं. वेठ म्हणजे काय, हे आपल्याला कोशात बघावं लागत नाही. इथं पाटलाचा सांगावा यायचा, तिथं कंपनीचा बंदूकवाला यायचा. रबर कमी भरलं की बायका-पोरं ओलीस. १९०४ मध्ये ५८ बायका आणि १० पोरं बांगीला आणून अंधाऱ्या घरात कोंडली. त्यातल्या ४५ बायका आणि २ पोरं आतच मेली.

त्याच्या आदल्या वर्षी, १४ जुलैला, म्हणजे स्वातंत्र्य-समता-बंधुतेच्या सणाच्या दिवशी, फ्रेंच अधिकाऱ्यांनी एका काळ्या कैद्याला डायनामाइट लावून उडवला. शिक्षा किती? पाच वर्षं. चौकशीला पाठवलेला ब्राझा १९०५ मध्ये परतीच्या वाटेवर मेला आणि त्याचा अहवाल शंभर वर्षं दाबला गेला.

१९२५ मध्ये बाम्बिओला रबर कमी आणणाऱ्यांना खांद्यावर लाकडी तुळया देऊन भर उन्हात कंपनीच्या आवाराभोवती गोल गोल फिरवलं. पडला की चाबूक. एकजण पडला तो उठलाच नाही. हे जगाला कळलं, कारण आंद्रे जीद नावाच्या गोऱ्या लेखकानं लिहिलं. काळ्या तोंडून आलेली तीच तक्रार कोण ऐकत होतं?

पण माणसं नुसती मरत नव्हती. १९२८ मध्ये कार्नूनं साधी काठी हातोहात वाटली. रेल्वेच्या कामाला जाऊ नका, कंपनीला रबर देऊ नका. कोंगो-वारा, म्हणजे कुदळीच्या दांड्याची लढाई. त्याच डिसेंबरात कार्नूला मारलं, तरी लढाई १९३१ पर्यंत विझली नाही.

याच रबराच्या मुलखात १९१० मध्ये बार्तेलेमी बोगांडा जन्मला. कंपनीच्या रखवालदारांच्या मारानं त्याची आई मेली. पोर मिशनमध्ये वाढलं, १९३८ मध्ये पाद्री झालं, १९४६ मध्ये पॅरिसच्या सभागृहात निवडून गेलं. तिथं उभं राहून तो काय बोलला? बिनचौकशीची अटक, कापसाची सक्ती, हॉटेलात आणि सिनेमात काळ्याला मज्जाव. ओळखीचं वाटतंय ना? गोऱ्या बाईशी नातं जोडलं म्हणून चर्चनं बाहेर काढला, १९५१ मध्ये सरकारनं शिक्षा ठोकली, आणि त्याच वर्षी लोकांनी पुन्हा निवडून दिला. त्याची घोषणा सांगो भाषेत तीन शब्दांची: झो क्वे झो. प्रत्येक माणूस हा माणूसच.

२९ मार्च १९५९ ला त्याचं विमान कोसळलं. १३ ऑगस्ट १९६० ला देश स्वतंत्र झाला. तो दिवस बघायला बोगांडा नव्हता. गादीवर बसलेल्या दाकोनं त्याच वर्षी विरोधी नेता गुम्बाला आत टाकलं. घोषणा सरकारी चिन्हावर गेली, माणूस होता तिथंच राहिला.

म्हणून दोस्ता, गोरा गेला म्हणजे संपलं असं मला सांगू नकोस. माणसं विकणारा अल-सनुसी गोरा नव्हता. आपल्यालाही १९४७ च्या झेंड्यानं पाणवठा उघडून दिला नाही. परक्याची सत्ता घालवणं आणि माणसाला माणूस करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं त्यांनीही केलं, आपणही केलं. दुसऱ्याचं काय, ते बोल. आणि पुन्हा काळ्यांवर कविता लिहायला बसशील, तेव्हा आधी बांगीच्या त्या अंधाऱ्या घरात एकदा जाऊन ये.