दोन दिवसांचे रिसॉर्ट, वर्षभराचे मैदान

सुट्ट्या लागल्या की पिंपरी-चिंचवडमधल्या अनेक कुटुंबांच्या गाड्या लोणावळा, पवना, मुळशीकडे वळतात. तिथल्या महागड्या रिसॉर्टमध्ये मुलांचा दिवस आखलेलाच असतो. सकाळी पोहणे, मग मातीकाम, दुपारी चित्रे, संध्याकाळी दोरीवरची चढाई. एरवी मोबाइल न सोडणारे मूल तिथे जेवायलाही थांबत नाही. पैसे वसूल झाले, असे पालकांना वाटते.

मुलांचा आनंद खराच असतो. अडचण एवढीच की, व्यायाम शरीरात साठवून ठेवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी. हाडे आणि स्नायू बळकट करणारे उड्या मारण्याचे, चढण्याचे खेळ आठवड्यातून किमान तीन दिवस हवेत. प्रत्यक्षात भारतातील ११ ते १७ वयोगटात दर चार मुलांमागे जवळपास तिघांची एवढी हालचाल होत नाही, असा अंदाज २०१९मध्ये ‘लॅन्सेट’च्या बालआरोग्यविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता.

डोळ्यांचेही तसेच. चीनमधील ग्वांगझू शहरात काही शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा उघड्यावर काढले. तीन वर्षांनी त्या शाळांतील ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टिदोष जडला होता. इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. फरक पडला तो रोजच्या उजेडाने.

रिसॉर्टमध्ये मुले खुलतात, कारण तिथे मोकळी जागा असते, लक्ष ठेवणारे मोठे माणूस असते आणि कुणाला घाई नसते. औद्योगिक पट्ट्यात नेमके हेच दुर्मीळ आहे. भोसरी-चाकणमधील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, शाळांची रविवारी. त्यात पाळ्या. सोसायटीत पार्किंगमध्ये चेंडू आला की ओरडा बसतो. म्हाळुंगे, खराबवाडीकडे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगारांच्या मुलांना तर दाराबाहेरचा रस्ता अवजड वाहनांमुळे खेळण्याजोगा उरलेला नाही, आणि रिसॉर्ट त्यांच्या आवाक्यातच नाही.

मैदाने मात्र आहेत. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला मैदान आवश्यक ठरवले. पण शाळा सुटली की बहुतेक फाटकांना कुलूप लागते. महापालिका आणि जिल्हा परिषदेने आपल्या शाळांची मैदाने रोज संध्याकाळी पाच ते सात परिसरातील सर्व मुलांसाठी खुली करावीत. मूल पडले तर जबाबदार कोण, ही मुख्याध्यापकांची शंका रास्त आहे. म्हणून प्रत्येक मैदानावर एक प्रशिक्षक आणि प्रथमोपचाराची पेटी हवी. प्रशिक्षकाचे मानधन परिसरातील कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून देता येईल. त्यासाठी फार महागडे साहित्य लागणार नाही. लंगडी, खो-खो, दोरीच्या उड्या आणि कोपऱ्यात कुंभारमातीचा ढीग एवढ्यावर सुरुवात होईल.

सोसायट्यांनीही संध्याकाळचा एक तास वाहनतळाचा एक भाग मुलांसाठी मोकळा ठेवायला हरकत नाही. ज्यांना परवडते त्यांनी रिसॉर्टला जरूर जावे. मुलांच्या हाडांना, फुप्फुसांना आणि डोळ्यांना मात्र घराजवळचे, रोज उघडणारे मैदानच लागते.