बॅगेतलं बी आणि काळे टोमॅटो



आपल्या मंडळाच्या गणपतीत आरती संपून प्रसादाची रांग लागली, की दरवर्षी एक संवाद हमखास कानावर पडतो. "काय, यंदा टोमॅटो कसे?" "कसले हो टोमॅटो! जुलैअखेर पानं काळी पडली, सगळी झाडं उपटून टाकली." मग कारणांची यादी सुरू होते. इथली माती थंड, इथलं ऊन पुचाट, इथल्या बियाण्यात दम नाही. समारोपही ठरलेला : "पुढच्या वेळी इंडियाहून गावठी बीच आणणार. बॅगेतली एवढीशी पुडी कोण बघतंय!"

या समारोपाला माझा सक्त विरोध आहे आणि तो नोंदवण्यासाठीच संपादकांकडून ही जागा मागून घेतली. काहींना राग येईल. येऊ दे. ज्या चुकीबद्दल लिहितो आहे ती मी स्वतः केलेली आहे.

आधी रोगाला त्याच्या नावाने ओळखू या. हा आपला करपाच. जर्मन लोक त्याला 'क्राउट-उंड-ब्राउनफॉयले' म्हणतात. १८४५ पासून आयर्लंडमधली बटाट्याची शेतं यानेच काळी केली आणि त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली. फ्रँकफुर्टमध्ये जन्मलेल्या आंटोन द बारी या शास्त्रज्ञाने १८७६ मध्ये त्याला 'फायटॉफ्थोरा' हे नाव दिलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ झाडाचा नाश करणारा. त्याचे बीजाणू वाऱ्याबरोबर येतात, बहुधा आसपासच्या बटाट्यांवरून. पानं काही तास ओली राहिली आणि हवा गार-दमट असली, की त्याला आणखी काही लागत नाही. म्हणजे दोष मातीचा नाही, उन्हाचाही नाही. ओल्या पानांचा आहे. आणि संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर पाइप धरून झाडांना वरून आंघोळ कोण घालतं? आपणच!

आता माझी गोष्ट. २०२० च्या फेब्रुवारीत गावाहून निघताना आईने परसातल्या टोमॅटोचं बी राखेत घोळून, वाळवून, कागदाच्या पुडीत बांधून दिलं. मी ते स्वेटरच्या घडीत घालून आणलं. त्या वर्षी आमच्याकडे पाऊस बेताचा झाला, झाडं लगडली आणि मी ओळखीपाळखीत टोमॅटो वाटत "गावठी ते गावठी" असं ऐकवत फिरलो. मग आला २०२१ चा जुलै. आर नदीच्या खोऱ्यात ज्या महिन्यात पुराने हाहाकार माजवला, तोच. माझ्या २२ झाडांच्या देठांवर काळे चट्टे आले. शेजारच्या बागेतले आजोबा कुंपणाशी येऊन म्हणाले, "आजच काढून टाका." मी म्हटलं, "शनिवारी बघतो." दोन घोस रंगावर आले होते, जीव होईना. शनिवारी माझी झाडं गेलेली होतीच, पण आजोबांच्या टोमॅटोवरही डाग दिसत होते. पाऊस सगळ्यांवर पडला होता, त्यांची झाडं कदाचित तशीही गेली असती. पण माझा त्यात हात नव्हता, असं मला म्हणता येत नाही. आजोबा एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

रात्री वडिलांना फोन केला. ते निफाड तालुक्यात टोमॅटो करतात. मी मातीला नावं ठेवायला लागलो तर हसले. म्हणाले, "अरे, मी तरी घरचं बी कुठे लावतो? दरवर्षी नर्सरीतून हायब्रिड रोपं आणतो. पावसाळ्यात चार दिवस फवारणी चुकली तर प्लॉट गेला म्हणून समज." म्हणजे आपण इथे बसून ज्या 'गावठी' टोमॅटोच्या नावाने उसासे टाकतो, त्याच्यावर तिकडचा टोमॅटो उत्पादक स्वतःच विसंबत नाही! आईची दोन झाडं परसात आली ती तिथल्या हवेत. ते बी मुळात या ओल्या, गार उन्हाळ्यासाठी निवडलेलंच नव्हतं.

करपा त्या पुडीतून आला नाही, हे मान्य. पण दुसरं बरंच काही येऊ शकतं. फळांवर तपकिरी सुरकुत्या पाडणारा टोमॅटोचा एक विषाणू २०१४ मध्ये इस्राएलमध्ये दिसला आणि २०१८ मध्ये नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालियातल्या काचघरांत सापडला. तो बियांवरून प्रवास करतो आणि त्याच्यावर औषध नाही. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात बाहेरून बी किंवा रोप आणायचं, तर वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, प्रवाशाच्या बॅगेतल्या पुडीलासुद्धा. नारळ, केळी, खजूर खुशाल आणा, त्यांना सूट आहे. मला २०२० मध्ये हा नियम ठाऊक नव्हता. तुम्हाला आता ठाऊक आहे.

"अहो, पण भावना म्हणून काही असते की नाही?" असते ना. माझी आई २०२३ मध्ये गेली. त्या पुडीत अजून थोडं बी आहे आणि ती पुडी आमच्या देवघराच्या खणात आहे. पण आईची आठवण जपण्याचा खर्च शेजारच्या आजोबांच्या बागेने का सोसावा?

दुसरा पंथ घरगुती उपायांचा. हळद-हिंगाचं पाणी, ताक, राख. जर्मनही कमी नाहीत, ते देठातून तांब्याची तार आरपार घालतात. या कशानेही करपा थांबत नाही. तिसरा पंथ वैतागून सगळीकडे हिरवळ लावणाऱ्यांचा. वसाहतीतली बाग भाड्याने घेतली असेल, तर तिथे साधारण एक तृतीयांश जागेत फळं-भाजी हवी, असा इथल्या संघीय न्यायालयाचा २००४ चा निकाल आहे, हे त्यांनी ध्यानात ठेवावं.

मग करायचं काय? झाडांवर छप्पर घाला, बाजू मोकळ्या ठेवा. दोन झाडांत हातभर अंतर असू द्या. बटाटे लांब लावा. खालची पानं काढून टाका. पाणी सकाळी आणि बुंध्याशीच द्या. डाग दिसला तर शनिवारची वाट पाहू नका. आणि वाण इथलं लावा. ग्योटिंगेन विद्यापीठात २००३ पासून उघड्यावरच्या टोमॅटोंचा प्रकल्प चालला; त्यातून 'प्रिमाबेला', 'प्रिमावेरा', 'डोराडा' यांसारखी करप्याला बऱ्यापैकी तोंड देणारी वाणं निघाली. 'सनविवा' हे पिवळं, छोट्या फळांचं वाण २०१७ मध्ये खुल्या परवान्याखाली दिलं गेलं. त्याचं बी कुणीही धरावं, वाटावं, पुन्हा पेरावं. कुणालाही त्यावर एकट्याची मालकी सांगता येत नाही.

मंडळी, पुडी बांधून हातावर ठेवण्याची जी हौस आपण बॅगेतून भागवतो, ती इथेच भागवता येते! म्हणून मंडळाला माझी सूचना आहे : गुढीपाडव्याला तिळगुळाच्या वड्यांएवढ्या पुड्यांतून सनविवाचं बी वाटू या. खिडकीत रोपं करायला तो काळ बरोबर असतो, आणि मेच्या मध्यावर 'आइसहायलिगे'ची थंडी सरली की ती बाहेर लावता येतात. पहिल्या वर्षीच्या पुड्या माझ्याकडून. त्यातली एक शेजारच्या आजोबांसाठी बाजूला काढून ठेवणार आहे. देताना २०२१ बद्दल जे बोलायचं राहून गेलं, तेही बोलणार आहे.