पंचाने पाहिले नाही तरी



गेल्या हंगामात कारखाना कार्यस्थळावर झालेल्या गटवार कबड्डी स्पर्धेबद्दल अजून बोलणे चालू आहे. कॅन्टीनमध्ये, वजनकाट्यावर, सोसायटीच्या ओट्यावर, जिथे जावे तिथे तोच विषय. पण जे बोलले जाते ते चुकीच्या बाजूने बोलले जाते असे आमचे मत आहे, म्हणून हा कागद काळा करीत आहोत.

ज्यांनी सामना पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. उपांत्य सामन्यात एका गटाचा एक गडी ऐनवेळी आला नाही. मग त्यांनी ऊसतोड टोळीतला एक पोरगा उभा केला. सतरा-अठराचे वय, पहाटेपासून फडात मोळ्या बांधून आलेला, अनवाणी. खेळला मात्र असा की बघणारे उठून उभे राहिले. शेवटच्या मिनिटाला गुण सारखे होते. समोरच्या चढाईवाल्याचा हात परत फिरताना त्याच्या पाठीला निसटता लागला. पंचाने पाहिले नाही. खुद्द चढाईवाल्यालाही कळले नाही. या पोराने हात वर केला आणि मुकाट्याने रेषेबाहेर जाऊन बसला. त्या एका गुणावर सामना गेला.

दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. एक, पोराला सगळ्यांनी ‘बावळट’ ठरवले. दुसरी, स्पर्धा समितीकडे तक्रार आली की बिगर सभासदाचा मुलगा खेळलाच कसा. यंदापासून फक्त सभासदांच्या पाल्यांनाच खेळता येईल असा नियम करा. आम्ही त्या समितीत आहोत. बैठकीत आम्ही तोंड उघडले नाही. ते चुकले.

त्या दिवसापासून आमच्या मनात एका क्रिकेटपटूचे नाव घोळत आहे. अजिंक्य रहाणे. क्रिकेटचे वेड आपल्याकडे पोरांना आहेच, पण मोठ्या माणसांनीही या गड्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहावे. पहिली गोष्ट म्हणजे तो आपल्याच मुलखातला. ६ जून १९८८ चा जन्म, गाव आश्वी खुर्द, तालुका संगमनेर, म्हणजे प्रवरेचा ऊसपट्टा. १९५० साली सहकारी कारखान्याचे पहिले गाळप जिथे सुरू झाले ते प्रवरानगर तिथून फार लांब नाही. पण तो वाढला डोंबिवलीत, आणि खेळाडू म्हणून त्याला घडवले ते डोंबिवलीनेच.

डोंबिवली म्हणजे काय हे आपल्यातल्या ज्यांची भावंडे पोटासाठी कल्याण-ठाण्याकडे गेली त्यांना सांगायला नको. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी देशातली पहिली प्रवासी आगगाडी धावली, दुसऱ्या वर्षी ती कल्याणला पोचली, आणि त्या रुळांच्या कडेने एवढी वस्ती वाढली की आज सकाळच्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळत नाही. एकटा माणूस कसाबसा लोंबकळतो. त्यात खांद्यावर बॅट-पॅडची पिशवी असलेले पोरगे म्हणजे अख्ख्या डब्याचा शत्रू! शिव्या खात, रेटा खात ते मुंबईच्या मैदानावर पोचायचे, उन्हात खेळायचे आणि तसेच रेटा खात परत यायचे. कल्याणचा तुषार देशपांडे याच वाटेने पुढे आला. लहानपणी निवड चाचणीला गेला तेव्हा फलंदाजांची रांग लांबलचक, गोलंदाजांची छोटी. घरी परतायला फार उशीर होईल म्हणून गोलंदाजांच्या रांगेत जाऊन उभा राहिला, अशी त्याची गोष्ट सांगतात. २०२४ मध्ये तो भारताकडून खेळला. रांग बदलली, पण मोडली नाही, हे आमच्या खात्याच्या माणसाला विशेष आवडले. त्याचे कारण पुढे येईल.

शार्दुल ठाकूर पालघरकडचा. तो भाग २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. त्याचेही बालपण असेच आगगाडीत गेले.

आता लोक म्हणतात, गाव खडतर होते म्हणून पोरे घडली. हे अर्धेच खरे आहे. ऊस उत्पादकाला हे समजावून सांगण्याची खरे म्हणजे गरज नसावी. तोडणीच्या आधी थोडे दिवस पाणी तोडले की उसाला ताण बसतो आणि साखर चढते, हे आपण दरसाल पाहतो. पण तोच ताण फुटवे फुटायच्या वेळी बसला तर? फड विरळ होतो, आणि मग कितीही खत ओता, भरून येत नाही. ताण कधी, किती, आणि बांधावर कोण उभे आहे, यावर सगळे असते.

रहाणेने मुलाखतींतून सांगितलेले दोन प्रसंग आम्हाला यासाठीच मोलाचे वाटतात. लहान असताना रिक्षाला पैसे नसायचे. आई एका हाताने धाकट्या भावाला कडेवर धरी, दुसऱ्या हातात त्याची क्रिकेटची पिशवी घेई, आणि मैदानापर्यंत मैलोगणती चाले. दुसरा प्रसंग आगगाडीचा. वडिलांनी एक दिवस सोबत नेले आणि दुसऱ्या दिवशी सांगितले, आता तू एकटा जा. पोरगा एकटा गेला. पुढे कळले की वडील त्याच गाडीत मागच्या डब्यात बसून होते. पोराला जमते की नाही हे पाहत होते. शिकवणीला पैसे नव्हते म्हणून सातव्या वर्षी डोंबिवलीतच मॅटिंगच्या खेळपट्टीवर एका छोट्या शिबिरात घातले, पुढे सतराव्या वर्षानंतर प्रवीण आमरे यांचे मार्गदर्शन मिळाले. कष्ट होते, पण ते बेवारशी नव्हते.

या मुशीतून निघालेला माणूस मोठ्या मैदानावर कसा वागला ते पाहा. जून २०१८ मध्ये अफगाणिस्तानचा संघ आपला पहिलावहिला कसोटी सामना खेळायला बंगळुरूला आला. दोन दिवसांत हरला. कर्णधार रहाणे. चषक घेऊन आपला संघ छायाचित्राला उभा राहिला तेव्हा त्याने हरलेल्या संघाला बोलावून घेतले आणि चषकासह सगळ्यांचे एकत्र छायाचित्र निघाले.

डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला आपला डाव ३६ धावांत गुंडाळला गेला. विराट कोहली घरी परतला. पुढच्या मेलबर्नच्या सामन्यात रहाणेने ११२ धावा काढल्या आणि बाद झाला तो जडेजाच्या पन्नासाव्या धावेच्या घाईत, धावबाद. आपण असतो तर बॅट आपटली असती. तो जडेजाला धीर देऊन तंबूत परतला. सामना आपण आठ गड्यांनी जिंकला. सिडनीला प्रेक्षकांतून सिराजला वर्णावरून शिवीगाळ झाली, खेळ थांबला. पंचांनी मैदान सोडायची मुभा दिली होती, पण रहाणेने आम्ही खेळायला आलो आहोत असे सांगितले, असे सिराजने पुढे सांगितले आहे. तक्रार रीतसर केली आणि खेळही सोडला नाही. मग जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेन. तिथे ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर हरलेली नव्हती. शार्दुल ठाकूरने ६७ धावा काढल्या, सामन्यात सात बळी घेतले, आणि आपण जिंकलो. बक्षीस समारंभात रहाणेने शंभरावा कसोटी सामना खेळणाऱ्या नेथन लायनला भारतीय खेळाडूंच्या सह्यांचा शर्ट भेट दिला. घरी आल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी केक आणला, त्यावर कांगारू होता. तो त्याने कापला नाही. कांगारू हा त्यांचा राष्ट्रीय प्राणी, आणि प्रतिस्पर्ध्याचा मान राखला पाहिजे, असे त्याने पुढे सांगितले.

मेलबर्नला त्याला जे पदक मिळाले त्याबद्दल मात्र आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही. ते मुलाघ पदक. सामनावीराला देतात, आणि त्या वर्षी ते पहिल्यांदाच दिले गेले. जॉनी मुलाघ हा ऑस्ट्रेलियातला आदिवासी. मेंढ्यांच्या मोठ्या वाड्यांवर मजुरी करणारा माणूस. १८६८ साली आदिवासी खेळाडूंचा जो संघ इंग्लंडला गेला त्यातला तो खंदा खेळाडू, आणि परदेशी दौऱ्यावर गेलेला ऑस्ट्रेलियाचा तोच पहिला क्रिकेट संघ होय. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी एका हातावर पोट असलेल्या मजुराला मैदानावर उतरू दिले, म्हणून आज त्याच्या नावाचे पदक आपल्या संगमनेरच्या पोराच्या गळ्यात पडले. बिगर सभासद वगैरे शब्द आमच्या कानाला आता खटकतात ते यामुळे.

कुणी म्हणेल, जिंकणाऱ्याला मोठेपणा परवडतो. हरकत रास्त आहे. १९८० साली मुंबईच्या सुवर्णमहोत्सवी सामन्यात गुंडाप्पा विश्वनाथने, पंचांनी बाद दिलेल्या बॉब टेलरला स्वतः परत बोलावले. टेलर आणि बोथमची मोठी भागीदारी झाली आणि आपण दहा गड्यांनी हरलो. रहाणेचेही तेच. सहा कसोटींत कर्णधार होता, चार जिंकल्या, दोन बरोबरीत सुटल्या, एकही हरली नाही. पण धावा आटल्या तेव्हा संघातली जागा गेली. सरळपणाला किंमत मोजावी लागते हे आम्ही लपवीत नाही. त्या पोरानेही मोजलीच की.

आणि कष्टातून आलेला प्रत्येक जण आपोआप संयमी होतो असेही नाही. सप्टेंबर २०२२, कोइमतूर, दुलीप करंडकाचा अंतिम सामना. पश्चिम विभागाचा यशस्वी जयस्वाल, वय वीस, दुसऱ्या डावात २६५ धावा काढलेला. हा पोरगा उत्तर प्रदेशातून मुंबईत येऊन आझाद मैदानावर तंबूत राहिलेला. कष्टात कुणाला हार जाणार नाही. तो समोरच्या फलंदाजाला सारखे डिवचू लागला. पंचांनी समज दिली, तरी थांबेना. कर्णधार रहाणेने त्याला मैदानाबाहेर जायला सांगितले. आपलाच द्विशतकवीर, अंतिम सामना चालू, आणि दहा गड्यांवर खेळायचे! काही षटकांनी त्याला परत घेतले. सामना २९४ धावांनी जिंकला. भूक त्या पोराला तंबूने दिली असेल. आवर कसा घालायचा हे कर्णधाराने दाखवले. डोंबिवलीच्या मागच्या डब्यात बसलेल्या बापाचे काम इथे रहाणेने केले, असे आम्हाला वाटते.

आता आपल्याकडे या. आमच्या शेतकी खात्याचे अर्धे आयुष्य क्रमपाळीत जाते. आडसालीची तोड आधी, मग पूर्वहंगामी, मग सुरू आणि खोडवा. लावणीच्या नोंदीच्या तारखेप्रमाणे पाळी. नियम सर्वांना मान्य, सर्वसाधारण सभेत हात वर करून मंजूर. आणि हंगाम सुरू झाला की पहाटे पाचपासून निरोप सुरू: साहेब, आमचा प्लॉट तेवढा आधी घ्या. लावणीची तारीख पंधरा दिवस मागची लिहून घ्या. असे म्हणणारा माणूस वाईट नसतो. उसाला तुरा आलेला असतो, गव्हाला रान मोकळे करायचे असते. पण त्याची पाळी पुढे आली की कुणाची तरी मागे जाते, आणि तो बहुधा एकराच्या आतला, ज्याला आमचा दरवाजा ठोठवायचे धाडस होत नाही असा सभासद असतो. चिटबॉयने पाहिले नाही, साहेबांना कळले नाही, मग काय बिघडले? त्या पोरालाही नेमके हेच म्हणता आले असते.

हेच सभासद त्या पोराला बावळट म्हणत होते. रागावू नका, समितीत गप्प बसणारे आम्हीही त्यांच्याच पंगतीला होतो.

तेव्हा पुढच्या बैठकीत आम्ही लेखी प्रस्ताव देत आहोत. एक तर गटाच्या संघात तोडणी-वाहतूक टोळ्यांतील मुलांना खेळता यावे. पाच-सहा महिने ती पोरे आपल्या हद्दीत राहतात, आपल्या उसावर राबतात, त्यांच्या शाळेचा बहुतेकदा खेळखंडोबा झालेला असतो. संध्याकाळची एक तासाची कबड्डी तरी त्यांना नाकारू नये. आणि विजेत्या-उपविजेत्यांबरोबर एक चषक खिलाडूवृत्तीसाठी ठेवावा. तो कोणाला द्यायचा हे संचालकांनी ठरवू नये, आम्ही अधिकाऱ्यांनीही नाही. प्रत्येक संघाने समोरच्या संघातला एक गडी सुचवावा, आणि ज्याला विरोधकांची मते जास्त त्याला चषक. वशिला लागायची भीती यात कमी, कारण विरोधी संघाकडे वशिला लावायला कोण जाणार?

चषकाचा खर्च कारखान्यावर टाकायचा नाही. शेतकी खात्यातील आम्ही वर्गणी काढणार आहोत. गेल्या वर्षीचा चषक मात्र राहून गेला. ती टोळी हंगाम संपताच आपल्या गावी गेली. मुकादमाला आम्ही निरोप पाठवला, तर तो म्हणाला, दिवाळीनंतर त्याच टोळीने येतोय, पोरगंही येईल. पण चषकाचं काय, कोपीत ठेवायला जागा कुठंय, त्यापेक्षा त्याला संघात घ्या.

नियमाच्या बाजूचे असोत वा विरुद्ध, सभासदांनी आपले म्हणणे बैठकीपूर्वी आपापल्या गट कार्यालयात लेखी द्यावे.