पाटीलबुवांचा पाय

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला महादजी शिंदे यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. सालबाईचा तह, दिल्लीची वकील-इ-मुतलकी, दि बॉयनची कवायती पलटणे हे सारे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु हा पुरुष आयुष्याची शेवटची तेहतीस वर्षे पायाने अधू होता, ही गोष्ट मात्र आपण एका वाक्यात उरकतो. निदान वैद्यकीय व्यवसायातील मंडळींनी त्या वाक्यापाशी थोडे थांबावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

१४ जानेवारी १७६१. पानिपतावरून तिशीच्या आसपासचे महादजी उमद्या दक्षिणी घोडीवरून दूरवर निसटले; पण एक धिप्पाड पठाण आपल्या बोजड घोड्यावरून पाठलाग करीतच राहिला. विसाव्यासाठी थांबावे की हा मागे हजर! अखेर घोडी खड्ड्यात पडली. पठाणाने गुडघ्यावर कुऱ्हाडीचा घाव घातला, अंगावरचे दागिने लुटले आणि तो निघून गेला. पळणाऱ्यांपैकी राणेखान नावाच्या एका भिस्त्याने या जखमी तरुणाला आपल्या बैलावर घातले आणि दक्षिणेची वाट धरली.

ईथरची भूल १८४६ ची, लिस्टरचे निर्जंतुकीकरण १८६७ चे. त्यापूर्वी शंभर वर्षे, कडाक्याच्या थंडीत, बैलाच्या पाठीवर, गुडघ्याच्या उघड्या जखमेनिशी झालेला हा प्रवास डोळ्यांपुढे आणावा. माणूस वाचला हेच नवल. पाय कायमचा अधू झाला यात नवल नाही.

दुसरी जखम दिसणारी नव्हती. तो पठाण आपल्या घोडीमागे दौडत येतो आहे असे स्वप्न आपल्याला दीर्घकाळ पडत असे, असे महादजींनी पुढे इंग्रज रेसिडेंट पामर यांना सांगितले होते. माल्कमने ते नोंदवून ठेवले आहे. आघातोत्तर मनोविकाराला अमेरिकन मनोविकारशास्त्राच्या वर्गीकरणात स्थान मिळाले ते १९८० साली. आपल्या भीतीची गोष्ट परक्या वकिलापाशी मोकळेपणे बोलणारा हा सेनानी मला तलवारबहाद्दरापेक्षा मोठा वाटतो. दत्ताजी बुराडी घाटावर पडलेले, तुकोजी आणि जनकोजी पानिपतात गेलेले. आणि मागे उरलेल्या या जखमी माणसाला सरदारीसाठीही आणखी काही वर्षे झगडावे लागले.

चरित्रकार लिहितात, ‘पायाने अधू असूनही’. या ‘असूनही’ला माझी हरकत आहे. सालबाई १७८२ चे, ग्वाल्हेरचा किल्ला परत घेतला तो १७८३ साली, वकील-इ-मुतलकी १७८४ ची. ज्यासाठी आपण त्यांना थोर म्हणतो ते बहुतेक सर्व घावानंतरचे आहे. त्यांचा पाय बरा होण्याची वाट पाहत राजकारण थांबले नाही. आमच्या बालरुग्ण विभागात मेंदूच्या पक्षाघाताचे मूल घेऊन आलेले आईवडील पहिला प्रश्न विचारतात, ‘डॉक्टर, हा चालेल ना?’ प्रश्न स्वाभाविक आहे. पण त्या उत्तराच्या आशेवर मुलाची शाळा दोन-दोन, तीन-तीन वर्षे लांबते, हे मला अधिक चिंतेचे वाटते. पोलिओ भारतातून गेला (शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला), पण चालणे आधी आणि शिकणे नंतर हा घरोघरीचा क्रम गेलेला नाही. आपणही व्यायाम लिहून देतो, बूट लिहून देतो; ‘याला उद्यापासून शाळेत पाठवा’ असे कागदावर किती जण लिहितो?

महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीस वारले. तेथे त्यांची छत्री आहे. त्याच वानवडीत १९४४ पासून लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र जखमी जवानांना पाय बसवून देत आहे. हा निव्वळ योगायोग, पण छत्री पाहायला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी तेही एकदा पाहावे.

आता राणेखान. महादजींनी त्याला भाऊ मानले, फौजेत वाढवले. १७८८ मध्ये गुलाम कादिराविरुद्ध दिल्लीकडे गेलेल्या फौजेचा तो सेनापती होता. रस्त्यावरच्या जखमीला उचलणाऱ्याला पोलीस-कचेरीचा जाच होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये निर्देश मंजूर करावे लागले, २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम घालावे लागले. तरीही अपघाताभोवती गर्दी जमते आणि हात पुढे येत नाहीत. म्हणून आपल्या संस्थेपुढे एक सूचना ठेवतो: दरवर्षी १४ जानेवारीला, अनोळखी जखमीला वेळेवर रुग्णालयात पोहोचवणाऱ्या शहरातील एका रिक्षावाल्याचा, हमालाचा वा विद्यार्थ्याचा राणेखानाच्या नावाने सत्कार करावा. खर्च फार नाही. पहिल्या वर्षीचा मी देतो.