पदकांच्या किनारीवरची नावे

जुनी लष्करी पदके जमविणे हा छंद आपल्याकडे मूठभरांचा आहे. पुण्यामुंबईच्या जुन्या बाजारांत, नाण्यांच्या प्रदर्शनांत आणि लिलावाच्या याद्यांत हे संग्राहक भेटतात. फितीचा रंग, पट्टीवरील लढाईचे नाव, पलटणीचा क्रमांक यांवर ते तासन्‌तास बोलू शकतात. पुरोगामी मंडळी या छंदाकडे बहुधा उपहासाने पाहतात. साम्राज्याच्या पायी पडलेल्यांनी मिळविलेले बिल्ले आणि साम्राज्य गेल्यावरही त्यांना उराशी धरणारे रिकामटेकडे लोक, असा हा उपहास असतो. त्यात तथ्यांश नाही असे नाही. तथापि या उपहासामुळे एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते. ही पदके गरिबांच्या इतिहासाची कागदपत्रे आहेत. ती आज बाजाराच्या हाती आहेत, आणि श्रमिकांच्या इतिहासाचे नाव घेणाऱ्यांना त्यांची दखल घ्यावीशी वाटलेली नाही.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने दिलेले युद्धपदक हे याचे सर्वांत परिचित उदाहरण होय. सुमारे 36 मिलिमीटर व्यासाच्या या गोल पदकाच्या एका बाजूस पाचव्या जॉर्जचे मस्तक आहे. दुसऱ्या बाजूस घोड्यावर बसलेला नग्न पुरुष असून घोड्याच्या टापांखाली शत्रूची गरुडचिन्हांकित ढाल तुडविली जात आहे. राजा आणि घोडेस्वार लाखो पदकांवर एकसारखेच आहेत. पदकापदकांत भेद असतो तो किनारीवर. तेथे धारण करणाऱ्याचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठशांनी उमटविलेली असते. संग्राहक पदक हातात घेतो तेव्हा राजाकडे पाहत नाही. तो ते आडवे धरून भिंगाखाली किनार वाचतो. या छंदाचे सारे मर्म या एका हालचालीत आहे.

किनार वाचू लागले की साम्राज्याची वर्गव्यवस्था आपोआप उलगडू लागते. हे पदक चांदीचे सुमारे 65 लाख आणि ब्राँझचे सुमारे 1 लाख 10 हजार काढण्यात आले. ब्राँझची पदके मुख्यतः चिनी, माल्टी आणि हिंदी श्रमिक तुकड्यांतील मजुरांसाठी होती. बंदूक धरणाऱ्यास चांदी आणि फावडे धरणाऱ्यास ब्राँझ असा हा न्याय होता. त्याची परंपरा जुनी होती. 1880 च्या दशकापासून हिंदुस्थानातील मोहिमांत सैनिकांना चांदीचे व सैन्यासोबतच्या नोकरवर्गास ब्राँझचे पदक देण्याची पद्धत पडली होती. भिस्ती, डोलीवाले, सईस, आचारी यांच्या श्रमावाचून कोणतीही पलटण एक मजल पुढे सरकली नसती. मराठी बखरकारांनी अशा लोकांना बाजारबुणगे म्हणून हिणविले. इंग्रजांनी त्यांना हलक्या धातूचे पदक दिले. दृष्टी दोघांची एकच. चिनी श्रमिकांच्या बाबतीत तर मजल याहून पुढे गेली. त्यांच्या पदकांवर नावही नाही. केवळ क्रमांक आणि तुकडीचे नाव आहे.

नावाऐवजी आकडा, हा अन्याय हिंदी शिपायाच्याही वाट्यास आला. पदकावर नव्हे, तर स्मारकावर. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मृत्यू पावलेल्या आणि ज्यांच्या कबरी ठाऊक नाहीत अशा 40 हजारांहून अधिक लोकांचे स्मारक 1929 मध्ये बसरा येथे उभे राहिले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे आहेत आणि हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. सामान्य हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या तेवढी कोरली गेली. फ्रान्समध्ये न्यव्ह शापेल येथे 1927 मध्ये उभारलेल्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावे कोरलेली आहेत. तेव्हा नावे कोरणे अशक्य होते असे म्हणण्यास जागा नाही. युरोपच्या भूमीवर शिपायास नाव असावे आणि आशियात नसावे, हा निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने नेमलेल्या समितीने 2021 च्या अहवालात या विषमतेची कबुली दिली. आफ्रिका, हिंदुस्थान, इजिप्त इत्यादी प्रदेशांतील किमान 1 लाख 16 हजार मृतांचे स्मारक नावानिशी झाले नाही किंवा मुळीच झाले नाही, असा त्या समितीचा अंदाज होता. ही संख्या साडेतीन लाखांपर्यंतही असू शकेल असे तिने म्हटले. ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी त्याच वर्षी पार्लमेंटमध्ये क्षमायाचना केली. ती मृत्यूनंतर शंभर वर्षांनी आली.

मेसोपोटेमियाचे नाव महाराष्ट्राला परके नाही. कुत अल् अमारा येथे डिसेंबर 1915 पासून वेढ्यात सापडलेली आणि 29 एप्रिल 1916 रोजी तुर्कांना शरण गेलेली फौज ही सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन होती. तिच्यात 103, 110 आणि 117 क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. कोकणातील व साताऱ्याकडील खडकाळ शेतीवर पोट न भरणारी माणसे तैग्रिस नदीच्या चिखलात उपाशी राहिली, घोड्याचे मांस खाऊन जगली आणि पुढे तुर्कांच्या कैदेत अनेक जण वाळवंटातील पायपिटीत संपली. मृत शिपायांची पदके युद्धानंतर त्यांच्या वारसांकडे पाठविण्यात आली. याचा अर्थ असा की बसऱ्याच्या दगडावर जो शिपाई केवळ एक आकडा आहे, त्याचे नाव त्याच्या पदकाच्या किनारीवर आजही वाचता येते. दगडाने जे नाकारले ते एक औंस चांदीने जपून ठेवले. ते पदक नाहीसे झाले तर त्या घरापुरता तो पुरावाही संपला.

आणि पदके नाहीशी होत आली आहेत. चांदीचे पदक ही गरिबाच्या घरातील मोडता येण्याजोगी चीजवस्तू होती. दुष्काळ, आजारपण, मुलीचे लग्न अशा प्रसंगी जी वस्तू सर्वप्रथम सराफाकडे जाते, तिच्यावर कोणाचे नाव आहे हे सराफाचा तराजू पाहत नाही. ही केवळ आपल्याकडची गोष्ट नव्हे. 1980 च्या जानेवारीत जगभर चांदीचे भाव भडकले, तेव्हा खुद्द ब्रिटनमध्ये ही पदके मोठ्या प्रमाणावर वितळविण्यात आली, कारण संग्राहक जी किंमत देत होता तिच्याहून धातूची किंमत अधिक झाली होती. त्याच सैनिकांची ब्राँझची विजयपदके मागे उरली, ती केवळ त्या धातूला भाव नव्हता म्हणून.

जी पदके मुशीतून वाचली ती बाजारात आली. बाजाराचे गणित विलक्षण आहे. जिवंत परतलेल्या सैनिकापेक्षा लढाईत पडलेल्या सैनिकाच्या पदकास अधिक दाम मिळतो. प्रसिद्ध वेढ्यात अडकलेल्या पलटणीस भाव चढतो. ब्रिटिश अधिकाऱ्याच्या पदकापुढे हिंदी शिपायाचे पदक सर्वसाधारणपणे स्वस्त असते. या शेवटच्या गोष्टीचे कारण केवळ वर्णद्वेष नव्हे. ब्रिटिश सैनिकाचे पदक घेणाऱ्यास लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्याचे पदकपत्र सापडते. पुष्कळदा त्याची पलटण, रणभूमी आणि मृत्यूची तारीख जुळविता येते. हिंदी शिपायाबाबत अशी सोय जवळजवळ नाही. ज्याची नोंद नाही त्याची कथा नाही, आणि ज्याची कथा नाही त्याला बाजारात भाव नाही. नोंद ठेवताना साम्राज्याने जी विषमता पाळली, तीच शंभर वर्षांनंतर लिलावाच्या किमतींत उतरली आहे.

येथे संग्राहकांचे श्रेय मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. सरकारी दप्तरे आणि विद्यापीठे या वस्तूंकडे ढुंकूनही पाहत नव्हती, तेव्हा यांनी त्या भंगारातून वेचल्या. नावाचे महत्त्वही त्यांना पुरेपूर कळते. किनार घासून नाव पुसलेले किंवा जुने नाव खोडून नवे कोरलेले पदक हा त्यांच्या लेखी सर्वांत मोठा दोष असतो; असा खोटेपणा ओळखण्यासाठी ते पदकाचा व्यास सूक्ष्म मापकाने मोजतात. ज्या छंदाचा पहिला नियमच नाव पुसू नये हा आहे, त्याला केवळ साम्राज्यपूजा ठरविणे अन्यायाचे होईल.

दोष आहे तो पुढच्या पायरीत. नाव वाचले जाते, पण ते कपाटात बंद होते. ज्या गावातून तो शिपाई गेला त्या गावास त्याचा पत्ता लागत नाही. नावे इंग्रज कारकुनांनी आपल्या कानाने लिहिलेली. खुद्द व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणाऱ्या नामदेव जाधव यांचे आडनावही इंग्रजीत एकाहून अधिक तऱ्हांनी लिहिलेले आढळते. तेथे साध्या शिपायाचे काय? ते नाव गाव, भावकी आणि बोली जाणणाऱ्या माणसाच्याच मदतीने उलगडू शकते. लंडनमधील तज्ज्ञाला ते साधणार नाही. साताऱ्यातील एखाद्या शाळामास्तराला साधेल.

नावांमुळे काय घडू शकते हे महाराष्ट्राने अनुभवलेले आहे. कोरेगाव येथे 1 जानेवारी 1818 च्या लढाईचा स्तंभ ईस्ट इंडिया कंपनीने स्वतःच्या गौरवासाठी उभारला. परंतु त्यावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली गेली, आणि त्यांतील 22 नावांच्या शेवटी ‘नाक’ हा प्रत्यय आहे, म्हणजे ती माणसे महार होती. पुढे सैन्याने महारांची भरती बंद केली. 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी ती पुन्हा सुरू करण्यासाठी इंग्रज सरकारकडे अर्ज केला, आणि पूर्वजांची लष्करी सेवा हा अशा अर्जांचा मुख्य आधार होता. 1927 मध्ये डॉ. आंबेडकर त्या स्तंभाजवळ गेले, आणि कंपनीच्या विजयाचा दगड माणुसकीच्या हक्काचा दगड झाला. 1917 मध्ये उभारलेली 111 वी महार पलटण 1921 मध्ये मोडण्यात आली, तेव्हा हा पुरावा किती तातडीचा होता हे पुन्हा दिसून आले. नावे कोरणाऱ्याचा हेतू एक होता. ती वाचणाऱ्यांनी त्यांतून दुसराच अर्थ काढला.

म्हणूनच साम्राज्याची पदके जपणे म्हणजे साम्राज्याचा गौरव करणे, हा आक्षेप टिकत नाही. युद्धाचे उदात्तीकरण हे संकट खरे आहे, आणि काही संग्राहक त्याला बळीही पडतात. पण त्यावर उपाय नावे विसरणे हा नव्हे. कोणत्या तालुक्यातून, कोणत्या जातीतून, कोणत्या दुष्काळानंतर किती माणसे गेली आणि किती परतली, हे नावानिशी सांगता आले तर युद्धाचे उदात्तीकरण करणे अधिक कठीण होते. मोघम शौर्याच्या गोष्टी नावांच्या अभावीच वाढतात.

करण्याजोगी कामे फार खर्चाची नाहीत. संग्राहकांनी पदक आपल्याकडे ठेवावे. परंतु किनारीवरचा मजकूर जशाच्या तसा उतरवून त्याची सार्वजनिक सूची करावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये, ग्रामपंचायती आणि गावोगावची वाचनालये यांनी घरोघरी शिल्लक असलेल्या पदकांची नोंद घ्यावी. पदक मागू नये, फक्त नाव उतरवून घ्यावे. त्या नोंदीत ब्राँझच्या पदकांना आणि भिस्ती-सईसांना चांदीच्या बरोबरीचे स्थान असावे. हे अशक्य नाही. लाहोरच्या वस्तुसंग्रहालयात पडून राहिलेल्या गाववार नोंदवह्यांतून पंजाबच्या सुमारे 3 लाख 20 हजार सैनिकांची माहिती 2021 मध्ये ब्रिटनमधील अभ्यासकांनी लोकांपुढे आणण्यास प्रारंभ केला, आणि परदेशांत विखुरलेल्या कुटुंबांना आपले पणजोबा सापडू लागले. महाराष्ट्राची अशी वही अद्याप लिहिली जायची आहे.

सरकारचीही जबाबदारी आहे. 1972 च्या पुराणवस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. पहिल्या महायुद्धाच्या पदकांची शंभरी आता भरली आहे. परंतु केवळ सीमेवर पहारा ठेवून भागणार नाही. जे कुटुंब अडचणीपायी आजोबांचे पदक विकावयास निघते, त्याला सराफ आणि दलाल यांखेरीज तिसरा ग्राहक मिळाला पाहिजे. तो जिल्ह्याचे वस्तुसंग्रहालय असावा, त्याने रास्त दाम द्यावा आणि पदकाखाली त्या माणसाचे नाव व गाव मराठीत लिहावे. सेनापतींच्या तलवारींसाठी आपल्या संग्रहालयांत काचेची कपाटे पुष्कळ आहेत. त्यांतील एक कपाट या माणसांसाठी रिकामे करून द्यावे.