थैलीतला हिशेब

परवा आमच्या कामवाल्या मावशींनी पगार हातात घेतला आणि म्हणाल्या, ‘ताई, पैसे तेवढेच हायेत जी, पण थैली हलकी झाली.’ मी चपापले. तीन वर्षांत आपण त्यांचा पगार वाढवलाच नाही, हे तेव्हा कुठे लक्षात आलं!

त्याच संध्याकाळी अमेरिकेतून पुतणीचा फोन. ‘काकू, इथं नुसते केस कापायला तीस डॉलर!’ मी लगेच रुपयांत गुणाकार केला आणि डोळे पांढरे झाले. पण नुसता गुणाकार करून चालत नाही. तिथं एका डॉलरमध्ये जे मिळतं, तेवढंच इथं घ्यायला किती रुपये लागतात, हे बघायला हवं. अर्थशास्त्रात याला ‘क्रयशक्ती समानता’ म्हणतात. २०२१ साली बाजारात डॉलर सुमारे ७४ रुपयांना होता. या मापानं मात्र तो वीस रुपयांच्या आसपासच भरला. कारण आपल्याकडे केस कापणं, शिवणकाम, धुणीभांडी सारं स्वस्त.

‘स्वस्त’पाशी मी अडकले. स्वस्त म्हणजे कुणाचे तरी कष्ट स्वस्त! पण रेशनचं धान्य सोडलं, तर तेल, डाळ, भाजी मावशींना आपल्याच भावात घ्यावी लागते. कॉटन मार्केटमधला भाजीवाला पगार विचारून भाव लावत नाही.

सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत दरमहा माणशी सरासरी खर्च गावात ४,१२२ रुपये, शहरात ६,९९६ रुपये निघाला. त्यात खाण्यापिण्यावर गावात ४७ टक्के, शहरात सुमारे ४० टक्के. घर जितकं गरीब, तितका पोटाचा वाटा मोठा, हे एर्न्स्ट एंगेल या जर्मन अभ्यासकानं १८५७ सालीच दाखवलं होतं. म्हणून महागाई वाढली की आपण साडी पुढे ढकलतो. मावशी वरणात पाणी वाढवतात. आणि त्या पातळ वरणातला शेवटचा वाटा घरात कुणाचा, हे मी तुम्हाला काय सांगू?

मी हिशेबाची जुनी वही काढली. तीन वर्षांपूर्वी मावशींच्या पगारात जेवढी डाळ, तेल, तांदूळ येत होते, तेवढ्याला आज किती पडतात ते मांडलं आणि तेवढा पगार वाढवला. यात मेहरबानी कसली? थैली पुन्हा होती तेवढी भरली, इतकंच.

अशी वही तुमच्याही घरी असेलच. या पहिल्या तारखेआधी एकदा काढून बघाल ना?